रोल भरलास का?

येत्या शनिवारी धाकटे पन्नास वर्षांचे होणार होते. डोक्यावरच्या केसांनी कधीच निरोप घेतला होता, जिना चढताना गुडघे बोलायला लागले होते, मुलगी नोकरीला लागून दुसऱ्या शहरात राहत होती. तरी अख्खी आळी त्यांना धाकटेच म्हणायची. कारण एवढंच, की त्यांच्या फोटो स्टुडिओत थोरले अजून हजर होते. थोरले म्हणजे धाकट्यांचे वडील, अप्पा. वय ऐंशी. हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, अप्पांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. पण रोज सकाळी दहाला ते स्टुडिओत येऊन काउंटरमागच्या खुर्चीत बसत, आणि धाकटे बॅग खांद्याला लावून कुठल्या लग्नाला निघाले की एकच प्रश्न विचारत.

"रोल भरलास का?"

"अप्पा, आता रोल नसतो."

"नसेना का. बघून घे."

हा संवाद वीस वर्षं रोज होत होता, आणि तोही गिऱ्हाइकांच्या देखत. एकदा तर ऐन लग्नात, नवरा-नवरी सह्या करत असताना, धाकट्यांचा फोन वाजला. घरात म्हातारे वडील असले की माणसाला फोन उचलावाच लागतो. धाकट्यांनी उचलला. पलीकडून अप्पा म्हणाले, "निघताना विचारायचं राहिलं. रोल भरलास का?" नवरीची सही होऊन गेली. तिचा बाप पुढे दोन वर्षं धाकट्यांना ओळख देत नव्हता.

धाकट्यांचं दुसरं दुःख याहून जुनं होतं. आळीतल्या प्रत्येक पोराचा जन्मल्या-जन्मल्याचा फोटो अप्पांनी काढलेला होता. शिंप्याचा, वाण्याचा, ज्याच्याशी अप्पांचं कधी पटलं नाही त्या डॉक्टरच्या पोराचासुद्धा. धाकट्यांचा स्वतःचा पहिला फोटो मात्र सातव्या महिन्यातला होता, आणि त्यातही ते कुणा गिऱ्हाइकाच्या कुटुंबामागे चुकून आलेले होते. आईला विचारलं तर ती म्हणायची, "तुझ्या वडिलांना विचार." अप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, "कामात होतो." आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तो प्रश्न तसाच राहून गेला होता.

तर सोमवारी सकाळी एक बाई स्टुडिओत आल्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं आहे हे त्यांच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरूनही कळत होतं. अप्पा तेवढ्यात मागच्या खोलीत औषध घ्यायला गेले होते.

"तुम्ही धाकटे ना?" बाई म्हणाल्या. "मला तुम्हीच हवे आहात."

तीस वर्षांत गिऱ्हाइकाने 'थोरले नाहीत का?' असं न विचारण्याची ही पहिलीच वेळ. धाकट्यांनी खुर्ची फडक्याने पुसून दिली.

बाईंचं काम साधं होतं. त्या आणि त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर, रविवारी सकाळी घर बंद करून कायमचे मुलीकडे चालले होते. त्याआधी, शनिवारी, दोघांचा एक फोटो हवा होता. तोही स्टुडिओत नाही, तर ज्या कचेरीत त्यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं, तिच्या पायऱ्यांवर.

"लग्नातला फोटो असेलच तुमच्याकडे. तशीच पोज देऊ," धाकटे म्हणाले.

"तोच नाही ना," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यावर यांनी हौसेने भिंतीत खिळा ठोकला, फोटो लावायला. फोटो आलाच नाही. खिळा आहे. पन्नास वर्षं त्याला बाजाराची पिशवी लटकवतो आम्ही."

बाई गेल्या. धाकटे खुशीत मागे वळले, तर दारात अप्पा औषधाची वाटी हातात धरून उभे होते, आणि वाटीतलं औषध सदऱ्यावर सांडलेलं होतं.

"पोस्टमास्तरांची बायको होती ना ती?" अप्पांनी विचारलं. मग खुर्चीत बसून, काउंटरच्या काचेकडे बघत, त्यांनी पन्नास वर्षं धाकट्यांना कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. रोल कॅमेऱ्यात घातला होता, पण त्याचं टोक नीट अडकलंच नव्हतं. दिवसभर फोटो काढले आणि रोल आत जागचा हलला नाही. लग्नाचा एकही फोटो नाही. "आणि मी जाऊन सांगितलं की लॅबवाल्याने रोल जाळला," अप्पा म्हणाले. "खोटं बोललो. त्यानंतर त्या माणसाला तोंड दाखवलं नाही."

धाकट्यांना आता कळलं, की स्टुडिओपासून शंभर पावलांवर पोस्ट असताना अप्पा जन्मभर स्टेशनापलीकडच्या पोस्टात पत्रं टाकायला का जात. व्यायाम होतो म्हणून, असं ते सांगत.

खरं सांगायचं तर धाकट्यांना पहिल्या क्षणी आनंदच झाला. ज्या प्रश्नाने वीस वर्षं आपलं नाक कापलं, तो विचारणारा स्वतःच त्यात पास झालेला नव्हता! पण अप्पांच्या हनुवटीकडे लक्ष गेलं, ती हातांसारखीच थरथरत होती, आणि धाकट्यांना स्वतःची लाज वाटली.

"मी येतो शनिवारी," अप्पा म्हणाले. "रविवारी ते गेले की गेले. एकदा समोर उभा राहून खरं सांगतो. बाकी फोटो तू काढ. मी उजेडाची छत्री धरेन."

आता राहिली परवानगी. त्या कचेरीत हल्ली लग्नं होत नव्हती, पाणीपट्टी भरून घेत. धाकटे अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट वाचला.

"कशाचा फोटो?"

"लग्नाचा."

"जोडप्याचं वय?"

"शहात्तर आणि बहात्तर."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "लग्न कधीचं?"

"पन्नास वर्षांपूर्वीचं."

"मग फोटोला इतका उशीर का?" धाकट्यांनी टक्कल खाजवलं. कारकुनाकडे मात्र रकाना होता. "उशिराचं कारण लिहा. त्याशिवाय पुढे जात नाही."

धाकट्यांनी पुष्कळ विचार करून लिहिलं : तांत्रिक अडचण.

"कॅमेऱ्याला तिपाई लावणार?"

"हो."

"नाही लावता येणार. तिपाई जमिनीला तीन जागी टेकते, म्हणजे ते तात्पुरतं बांधकाम झालं. बांधकाम दुसऱ्या मजल्यावर."

धाकटे दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथले साहेब रजेवर होते, आणि ते नसताना त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी सांगितलं की तिपाईला नकाशा जोडावा लागेल, तीन प्रतींत. धाकटे मुकाट्याने खाली आले. शेवटी शनिवारी दहा ते अकरा अशी परवानगी मिळाली. तिपाई वर्ज्य, छत्री उघडल्यास कार्यालयाची जबाबदारी नाही.

इकडे बातमी आळीत पसरली होती. शेजारचे शिंपी हे सल्ल्याच्या बाबतीत फार उदार. गिऱ्हाइकाचा सदरा महिनाभर मिळायचा नाही, सल्ला मात्र उभ्या-उभ्या हातात. त्यांनी परस्पर पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन लग्नातला कोट ट्रंकेतून काढायला लावला. कोट चढला, पण समोर बटणांची आणि काजांची वीतभर ताटातूट राहिली.

"काही काळजी नको," शिंपी म्हणाले, आणि काळजी करायला सवड न देता त्यांनी कोट पाठीतून वरपासून खालपर्यंत उभा कापला. "समोरून नवरदेव दिसतील. मागे टाचण्या लावू. फक्त यांनी वळायचं नाही, वाकायचं नाही आणि मोठा श्वास घ्यायचा नाही."

शनिवार उजाडला. धाकट्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाची सुरुवात ही अशी झाली : बायको फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली, "अहो, भाजीमागचा तुमच्या वडिलांचा तो रोल कुठे गेला?" अप्पांनी बारा वर्षांपूर्वी 'लागला तर' म्हणून एक रोल फ्रिजमध्ये ठेवला होता. तो भाजीमागे इतका जुना झाला होता की बायको फ्रिज पुसताना त्यालाही पुसायची. आज तो नव्हता. तेवढ्यात शिंपी आले आणि धाकट्यांनी कुठल्या रंगाचा सदरा घालावा यावर बोलायला लागले. अप्पांना इस्त्रीचा सदरा सापडेना. सापडला तेव्हा बटण तुटलेलं निघालं. बायको बटण लावायला बसली, शिंपी तिला टाका कसा घालावा ते सांगत उभे राहिले, आणि या सगळ्यातून अप्पांचा आवाज आला, "रोल भरलास का?"

"नसतो रोल!" धाकटे ओरडले. "अप्पा, पन्नास वर्षांचा झालो मी आज! पन्नास! कुणाला आठवण तरी आहे का?"

अप्पांनी फक्त मान खाली घातली आणि जुनी कापडी पिशवी खांद्याला लावली. बायको म्हणाली, "संध्याकाळी मुलगी येणार होती तुम्हाला न सांगता. आता सांगितलं." धाकट्यांना वाटलं, जमीन दुभंगावी. ती न दुभंगल्यामुळे त्यांनी बॅग उचलली आणि ते बाहेर पडले.

कचेरीच्या पायऱ्यांवर पाणीपट्टीची रांग होती. रांगेला वेळच वेळ होता, त्यामुळे जोडप्याने कुठे बसावं यावर रांगेत आधीच दोन तट पडले होते. पोस्टमास्तर मागच्या टाचण्यांमुळे कवायतीला उभे असल्यासारखे उभे होते. बाईंनी निळी रेशमी साडी नेसली होती आणि त्या फार सुरेख दिसत होत्या. धाकट्यांनी कॅमेरा काढला, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी खालचं झाकण उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती. ती घरी, स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेली होती. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. घरी जाऊन यायला तास लागला असता.

धाकट्यांनी अप्पांकडे बघितलं. एक शब्द, एक उसासा, नुसती एक भुवई वर गेली असती तरी ते त्या पायऱ्यांवरच कोसळले असते. अप्पांनी कापडी पिशवीत हात घातला आणि आपला जुना कॅमेरा बाहेर काढला. पाठोपाठ तो भाजीमागचा रोल.

"माझ्या हातून भरला जायचा नाही," ते म्हणाले. "तू भर."

धाकट्यांनी वीस वर्षांनी रोल भरला. टोक खाचेत नीट अडकवलं, झाकण लावलं, खटका ओढला. डाव्या बाजूची चकती फिरली. रोल पुढे सरकला की ती फिरते, हे अप्पांनीच त्यांना लहानपणी शिकवलं होतं. "फिरतेय, अप्पा," धाकटे म्हणाले. अप्पांनी वाकून, चष्मा पुसून, तीनदा बघितलं.

मग अप्पा कॅमेरा छातीशी धरून पोस्टमास्तरांसमोर गेले. "मास्तर," ते म्हणाले, "फोटोआधी एक सांगायचंय. तो रोल लॅबने जाळला नव्हता."

पोस्टमास्तरांचं लक्ष नव्हतं. ते धाकट्यांनी दिलेला परवानगीचा कागद वाचत होते. हाती पडलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा, ही तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीची सवय.

"हे कुणी लिहिलं? उशिराचं कारण, तांत्रिक अडचण?" ते म्हणाले. "सरकारी अर्जात खोटं लिहू नये. तांत्रिक नव्हती ती."

"माझी चूक होती," अप्पा म्हणाले. "रोल अडकलाच नव्हता."

"ठाऊक आहे हो! मी मोजत होतो. पोस्टात नवा लागलो होतो, दिसेल ते मोजायची सवय. छत्तीसचा रोल, आणि तुम्ही एकशे दहा फोटो काढलेत. ती चकती एकदाही फिरली नाही. चाळिसाव्या फोटोलाच आलं माझ्या ध्यानात."

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "मग थांबवलं का नाहीत?"

"कसं थांबवणार?" आता बाई बोलल्या. "सकाळी इथे आलात ते नाचतच. आमच्या साक्षीदारांना मिठ्या मारल्यात, शिपायाला मारलीत, रजिस्ट्रारसाहेबांनाही. 'मुलगा झाला, पहाटे मुलगा झाला,' म्हणून सगळ्यांना सांगत होतात. लग्न आमचं होतं, पण आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त आनंदात. यांनी माझ्या कानात सांगितलं, रोल फिरत नाहीये. मी म्हटलं, राहू दे. आज त्यांना काही सांगू नका."

"पुढेही तुम्ही मला बघून रस्ता बदलायचात," पोस्टमास्तर म्हणाले. "तुम्हाला कानकोंडं नको वाटायला म्हणून मीही तुम्हाला बघून गल्लीत शिरायचो. एकदा आपण दोघं एकाच वेळी एकाच न्हाव्याच्या दुकानात लपलो होतो. आठवतं? तुम्ही वर्तमानपत्र तोंडावर धरलं होतंत. उलटं."

रांग हसली. अप्पा हसले नाहीत. ते धाकट्यांकडे वळले, आणि धाकट्यांना दिसलं की ते रडताहेत.

"संध्याकाळी तसाच इस्पितळात गेलो," अप्पा म्हणाले. "तुझ्या आईने तुला मांडीवर घेतलं होतं. त्याच कॅमेऱ्यात तुझेही काढले. भरपूर काढले. अरे, त्याच रोलवर तू होतास. तुझी आईपण. तिला सांगितलं मी दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, कुणाला बोलू नका, आपल्याला दिसतोय ना पोर. मग तुझा फोटो काढायला मला पुन्हा धीरच झाला नाही."

पन्नास वर्षं 'कामात होतो' या दोन शब्दांवर रागावलेल्या धाकट्यांनी पुढे होऊन अप्पांचा हात धरला.

"अकराला दहा कमी!" खिडकीतून कारकून ओरडला.

तिपाई वर्ज्य होती. अप्पांच्या हातांत कॅमेरा पाण्यातल्या चमच्यासारखा हलत होता. धाकटे कॅमेरा घ्यायला पुढे झाले, मग थांबले. हा फोटो अप्पांचाच राहिलेला होता. ते अप्पांपुढे पाठ करून खालच्या पायरीवर गुडघ्यांवर बसले. गुडघे बोलले; त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अप्पांनी कॅमेरा त्यांच्या खांद्यावर टेकवला.

"हलू नकोस."

"हलतोय तो मी नाही, अप्पा."

"तुला माहीत नाही, तू रडताना हलतोस. लहानपणापासून."

खटका वाजला. चकती फिरली. कानाशी खटका आणि मानेवर बापाचा श्वास, असे धाकटे एकामागून एक पस्तीस फोटो बसून राहिले. मध्ये पोस्टमास्तरांनी विसरून मोठा श्वास घेतला आणि मागच्या तीन टाचण्या उडाल्या. बाई इतक्या हसल्या की त्यांनी तोंडावर पदर घेतला, आणि मास्तर त्यांच्याकडे वळून बघतच राहिले. वळायचं नाही असं ठरलं असतानाही. काम झाल्यावर अप्पांनी मास्तरांना मिठी मारली, उरलेल्या टाचण्या त्यांच्या हाताला टोचल्या, आणि दोघेही म्हातारे "आई गं" म्हणून एकदमच ओरडले.

"छत्तीसपैकी एक राहिलाय," पोस्टमास्तर म्हणाले. ते मोजतच होते.

अप्पा वळले. धाकटे अजून पायरीवरच बसले होते. गुडघे उठू देत नव्हते. डोळे लाल, नाक लाल, टकलावर ऊन. अप्पांनी बाईंच्या खांद्यावर कॅमेरा टेकवला आणि शेवटचा खटका दाबला.

दुपारी धाकट्यांनी आणि अप्पांनी घरातली जुनी डार्करूम उघडली. तिथे आता वॉशिंग मशीन होतं; त्याच्यावरच माळ्यावरचा, फोटो छापायचा एन्लार्जर मांडला. जुना रोल, थरथरते हात. पुष्कळ फोटो वाया गेले होते. नऊ फोटोंत नुसतं आभाळ होतं, चारांत कचेरीची पाटी, एकात मास्तरांचा फक्त डावा बूट. पण जोडप्याचा एक लागला होता. त्यात बाई पदराआड हसत होत्या आणि कोट फाटलेले मास्तर त्यांच्याकडे बघत होते, कॅमेरा नावाची वस्तू जगात नसल्यासारखे. रविवारी सकाळी धाकटे आणि अप्पा तो चौकटीत घालून द्यायला गेले, तेव्हा घर रिकामं झालं होतं. मास्तर पक्कड घेऊन भिंतीतला खिळा उपटत होते.

"तिकडच्या भिंतीत खिळे मिळतात हो," बाई म्हणाल्या.

"हा मुरलेला आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तो खिशात टाकला.

सोमवारी सकाळी धाकटे स्टुडिओत आले तर काउंटरच्या काचेखाली, जिथे आळीतल्या सगळ्या तान्ह्या पोरांचे फोटो होते, तिथे एक नवा फोटो दिसला. टक्कल असलेलं, सुजल्या नाकाचं, रडवेलं एक माणूस पायरीवर बसलेलं. शेजारच्या तान्ह्या पोरांच्यात ते मुळीच वेगळं वाटत नव्हतं. धाकट्यांनी काच उचलून फोटो उलटा केला. मागे अप्पांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं : 'चिरंजीव. पहिला फोटो. उशिराचं कारण : आनंद.'

त्यांनी फोटो होता तसा ठेवला. दहाला अप्पा आले, खुर्चीत बसले. साडेदहाला धाकट्यांना एका लग्नाला जायचं होतं. गिऱ्हाईक दारात गाडी घेऊन उभं होतं. त्यांनी बॅग खांद्याला लावली.

"रोल भरलास का?" अप्पांनी विचारलं.

धाकटे थांबले. बॅग काउंटरवर ठेवली, कॅमेरा बाहेर काढला आणि गिऱ्हाइकाच्या देखत खालचं झाकण उघडून नीट आत बघितलं.

"भरलाय, अप्पा," ते म्हणाले.